उमरठच्या पोरांसारखा

पोतनीस सरांनी कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं, कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घालून दुधी काचेत पाहिलं. काचेत पोलादपूरचा नाका दिसत होता, पण डाव्याचा उजवा होऊन. महाडकडे निघालेली एसटी काचेत उलट्या बाजूला धावत होती. सर तिच्यामागे कॅमेरा फिरवायला गेले, तशी ती काचेच्या कडेवरून निसटून गेली आणि उरला तो समोरच्या रसवंतीचा फळा.

"पयल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," काउंटरमागून मालोजी म्हणाला. "गाडी कुठं चाललीय ते डोळ्यांनी बघायचं नाय. काचेत बघायचं नि हात उलटा न्यायचा. सवयीनं जमतं."

मालोजी उतेकर मूळचा उमरठचा. पोलादपूरच्या नाक्यावर त्याने सव्वीस वर्षं फोटो काढले आणि आता, दोन हजार तीन सालच्या जानेवारीत, तो स्टुडिओ बंद करत होता. पलीकडच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो काढून देणारं दुकान आलं होतं. शिवाय या कॅमेऱ्याला लागणारा मोठा रोल आता महाडातसुद्धा मिळेनासा झाला होता. काचेचं कपाट रिकामं झालं होतं, दिवे विकले गेले होते. मागच्या भिंतीवर बाग आणि जिना रंगवलेला पडदा तेवढा राहिला होता, त्याच्यापुढचं लाकडी स्टूल राहिलं होतं, आणि हा दोन भिंगांचा यशिका कॅमेरा.

"सर, तुमी ह्याचं करणार काय?" मालोजीने विचारलं.

छंद म्हणून घेतोय, असं सर म्हणाले. निवृत्त होऊन वर्ष झालं, वेळ जात नाही, बंगळुरूची मुलगी सारखी मागे लागलेली असते की बाबा काहीतरी सुरू करा. यातलं काही खोटं नव्हतं. फक्त वल्लरी सकाळच्या फिरण्याबद्दल बोलत होती. फिल्मचा कॅमेरा घेणार म्हटल्यावर ती फोनवर आता फिल्म कोण वापरतं, एवढंच म्हणाली होती. मालोजीने मान डोलावली. त्याला हे काही पटलेलं नाही, हे सरांना दिसलं. पण अकरा वर्षांनी दुकानाची पायरी चढलेल्या माणसाला फार खोदून विचारायचं नसतं, एवढी पोच त्याला होती.

खरं तर सरांना कॅमेरा नको होताच. त्यांना कॅमेऱ्याच्या निमित्ताने हाती येणारे निगेटिव्हचे डबे हवे होते.

याची सुरुवात गॅसवाल्यापासून झाली. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या आळीत सरांचं दोन खोल्यांचं घर. दिवाळीनंतर एक नवाच गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला आणि पावती फाडता फाडता भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून हळहळला. मुलगी का सर तुमची, फारच लहान वयात गेली हो, असं म्हणाला. फोटो अंबिकाचा होता. अंबिका गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. पण तेराव्याला लावायला तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडेना. शेवटी लग्नाच्या फोटोतून नवऱ्याला, म्हणजे खुद्द सरांनाच, कापून बाजूला काढलं आणि एकोणीस वर्षांची नवरी चौकटीत बसवली. मुंडावळ्या, नथ आणि बावरलेले डोळे. तिच्यासमोर बसून सर रोज जेवत होते आणि तिच्यासमोरच रोज थोडे थोडे म्हातारे होत होते. गॅसवाल्याला हे सगळं कोण समजावून सांगणार? "हो," असं म्हणून सर मोकळे झाले.

तो गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. सत्तावीस वर्षं संसार केलेल्या बाईला आपण एका शब्दात घराबाहेर काढलं, असं त्यांना वाटत राहिलं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. डोळे मिटले तरी आता तीच नवरी समोर येऊ लागली होती. खरी अंबिका, चष्मा लावून तांदूळ निवडणारी, बोलता बोलता पदराने चष्मा पुसणारी, ती दिवसेंदिवस पुसट होत चालली होती.

तिचे फोटो नव्हते याला कारण होतं. वल्लरीच्या वेळच्या बाळंतपणानंतर अंबिकाच्या हनुवटीवर कोडाचा डाग उठला. आधी रुपयाएवढा होता, मग चार-पाच वर्षांत तो डाव्या गालावरून कानाखालपर्यंत गेला. नाते गावच्या वैद्यांचे लेप झाले, मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, आणि एक दिवस तिने सगळंच सोडून दिलं. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ती वाढायला उठायची. सर मात्र तिला नेहमी सांगत, "मला तो डाग दिसतच नाही." हे ते अगदी मनापासून सांगत, आणि आपण असं सांगणारे नवरे आहोत याचा त्यांना थोडा अभिमानही वाटे.

त्या भरातच त्यांनी तिला तीनदा या स्टुडिओत आणून स्टुलावर बसवलं होतं. तेव्हा सर पोलादपूरच्या शाळेत शिकवत होते. पहिल्यांदा रोलला उजेड लागला, असं कळलं. दुसऱ्यांदा फोटो आणायला अंबिका एकटीच गेली, आणि डोळे मिटलेले आले होते म्हणून वाटेतच फाडून टाकला, असं सांगत परत आली. तिसऱ्यांदा, ब्याण्णव साली, मालोजी म्हणाला की रोल धुताना बिघडला. तेव्हा मात्र सरांचा तोल सुटला. चार गिऱ्हाइकांदेखत त्यांनी मालोजीला नाही नाही ते ऐकवलं. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ते मुख्याध्यापकांच्याही कानावर घातलं, आणि दहावीचा दरवर्षीचा ग्रुप फोटो मालोजीच्या हातून गेला. मालोजीने तेव्हा उलट शब्द काढला नव्हता. पुढच्या वर्षी संस्थेने सरांना महाडच्या शाळेत पाठवलं आणि विषय तिथेच संपला.

पण सरांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. उजेड लागलेली निगेटिव्ह सगळीच्या सगळी मरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फोटो फाडला तरी निगेटिव्ह फाटत नाही, हेही ठाऊक होतं. धूसर असो, डाग पडलेली असो, मिटल्या डोळ्यांची असो, ती अंबिका असणार होती. मालोजी दुकान मोडतोय आणि कॅमेरा विकायला काढलाय हे एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सर पोलादपूरच्या गाडीत बसले.

"फ्लॅश पण बघून घ्या," असं म्हणून मालोजीने फ्लॅशमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या. सरांनी मागचं बटण दाबलं तसा भक्कन उजेड पडला. कॅमेऱ्याचा मात्र आवाजसुद्धा झाला नाही. कॅमेरा चाललाच नाही की, असं सर म्हणाले, तेव्हा मालोजी पहिल्यांदाच मोकळं हसला.

"तो रिकामा फ्लॅश. ह्या बटणावरच आमचा धंदा चालला म्हणा ना."

मग त्याने सांगितलं. एका रोलात फोटो बारा, आणि लग्नात पोरं चाळीस. रोल महाग, आणि पोरं तर कॅमेऱ्यापुढून हलत नाहीत. शाळेतल्या हैबती शिपायाच्या मुलीचं उमरठला लग्न झालं तेव्हा पोरांनी मांडवात रांगच लावली होती. मालोजीने एकेकाला उभं केलं, माना सरळ केल्या, हसायला लावलं आणि प्रत्येकावर रिकामा फ्लॅश उडवला. रोल जागचा हलला नाही आणि पोरं उड्या मारत जेवायला गेली. घाटाखालचे सगळेच फोटोग्राफर असं करत, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पोरं मागून फोटो मागायला येत नसत का, असं सरांनी विचारलं.

"पोरं कशाला येतायत? अंगावर उजेड पडला की त्यांचं काम झालं."

सर हसले. त्या लग्नाला ते स्वतः गेले होते, अंबिकाही होती, बायकांच्या पंक्तीत वाढत होती. आपण कितीतरी दिवसांनी दुसऱ्या माणसासमोर हसलो, हे त्यांना हसून झाल्यावर जाणवलं.

किमतीवरून घासाघीस झाली नाही. मालोजीने सांगितली ती सरांनी दिली. मालोजीने भिंगं फडक्याने पुसली, कॅमेरा चामड्याच्या पेटीत घातला, पट्टा नीट गुंडाळला आणि पेटी काउंटरवर ठेवली. मग सरांनी, जमेल तितक्या सहजपणे, जुन्या निगेटिव्हचं काय करणार म्हणून विचारलं. उमरठला भावाकडे दोन म्हशी आहेत, आता त्यांच्यामागे राहायचं, तिथे हे डबे नेऊन काय करू, असं मालोजी म्हणाला. मग त्याने सरांकडे नीट पाहिलं. आतल्या फळीवरून त्याने बिस्किटांचे पत्र्याचे डबे एकेक करून खाली काढले आणि काउंटरवर मांडले. प्रत्येकावर साल लिहिलेलं होतं.

सरांनी चष्मा बदलला. खाकी पाकिटं, पाकिटांवर निळ्या शाईत नावं. आत पांढऱ्या केसांची आणि काळ्या दातांची माणसं, नवरे, नवऱ्या, बारशाची मुलं, नोकरीच्या अर्जासाठी शर्टाचं वरचं बटण लावून बसलेले तरुण. सर एकेक पट्टी उजेडापुढे धरत होते आणि परत पाकिटात सरकवत होते. मालोजी पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिला.

पहिलं पाकीट शहाऐंशीच्या डब्यात सापडलं. "सौ. पोतनीस, एक फोटो." दुसरं एकोणनव्वदच्या डब्यात. तिसरं कुठे असणार हे आता ठाऊक होतं. ब्याण्णवच्या डब्यात ते सगळ्यांत वरच होतं. सरांनी तिन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि क्षणभर त्यांना हात लावला नाही. मग पहिलं उघडलं. ते रिकामं होतं. दुसरंही रिकामं होतं. तिसरं त्यांनी फुंकर मारून फुगवलं, उलटं करून तळहातावर झटकलं, आत बोट घालून पाहिलं.

"फेकून दिल्यात," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी तुम्हाला इतकं बोललो होतो. माझीच चूक."

मालोजी पायरीवरून उठला. त्याने माठातून पाणी आणून सरांपुढे ठेवलं आणि स्वतः काउंटरला टेकून उभा राहिला.

"फेकल्या नाय सर. नव्हत्याच."

सरांना कळलं नाही. मग मालोजीने खाली बघत, शब्द जुळवत जुळवत सांगितलं. उमरठच्या त्या लग्नात तो पोरांवर फ्लॅश उडवत होता तेव्हा अंबिकावहिनी पाण्याचा जग घेऊन बाजूला उभ्या होत्या. पोरं पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या की यांतला एकही फोटो निघालेला नाही, हो ना? सव्वीस वर्षांत मालोजीची चोरी पकडणारं तेवढं एकच माणूस. तो शरमला, पण वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर महिन्याभराने सर त्यांना पहिल्यांदा स्टुडिओत घेऊन आले. सर त्यांची पिशवी हातात घेऊन दारात उभे होते. मालोजी वहिनींची मान सरळ करायला जवळ गेला.

"तवा ओठ न हलवता बोलल्या, मालोजी, माझा उमरठच्या पोरांसारखा काढा."

बाहेर एक ट्रक घाटाचा गिअर टाकत गेला.

"तिन्ही वेळा?" सरांनी विचारलं.

"तिन्ही वेळा. पाकिटावर नाव घातलं, कारण तुमी बघत होता. तिसऱ्या टायमाला मी त्यांना बोललो, वयनी, सर आता माझ्यावर उखडतील, एक डाव निघू दे की खरा. तर बोलल्या, ह्यांना माझा डाग दिसत नाय. फोटो भिंतीवर लागला म्हंजे दिसायला लागंल." मालोजीने पाण्याचा पेला उगाच थोडा पुढे सरकवला. "शब्द घेतला होता माझा. पण आज नाय सांगितलं तर तुमी हे डबे घरी न्याल, नि जन्मभर शोधत बसाल."

सर पाकिटांकडे बघत होते. मला दिसतच नाही, हे वाक्य त्यांनी तिला दिलं होतं, आणि ते खोटं पडू नये म्हणून ती उरलेलं आयुष्य त्याच्यावर पहारा देत बसली होती. त्यांना त्या डागाचा आकार आठवून पाहावासा वाटला. हनुवटीवरून कानाकडे जाताना तो कुठे वळत होता, ओठाला लागत होता की नव्हता? आठवेना. डाग बघायचा नाही म्हणून ते सत्तावीस वर्षांतली बहुतेक वर्षं तिच्या चेहऱ्याकडे कडेकडेनेच बघत आले होते. आणि जे धड पाहिलंच नाही ते आता डोळ्यांपुढे यावं म्हणून हट्ट धरून बसले होते. अंबिका पुसट होत नव्हती. ती त्यांच्याकडे पहिल्यापासूनच पुसट होती. हे कळलं तेव्हा सरांना फार एकटं वाटलं, ती गेली त्या दिवसापेक्षाही जास्त.

बऱ्याच वेळाने ते दहावीच्या ग्रुप फोटोबद्दल काहीतरी बोलू लागले. मालोजीने हाताने ते बाजूला सारलं. ती शंभर पोरं उभी करताना घसा बसायचा माझा, एवढंच तो म्हणाला आणि डबे परत फळीवर चढवू लागला. तिन्ही पाकिटं मात्र त्याने काउंटरवरच राहू दिली. सरांनी ती एकावर एक ठेवून खिशात घातली.

मग त्यांनी कॅमेऱ्याची पेटी उचलली. दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत आले. पेटी त्यांनी मालोजीच्या हातात दिली.

"माझा एक काढता?"

मालोजीला आश्चर्य वाटलं असलं तरी त्याने तसं दाखवलं नाही. त्याने पेटी उघडली, कॅमेरा बाहेर काढला, त्याला फ्लॅश जोडला. शेवटचा एक रोल होता, मुदत संपलेला, पण निघाला तर निघेल, असं म्हणत तो खणात हात घालून चाचपू लागला. सर पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसले होते.

"रोल नको," ते म्हणाले. "उमरठच्या पोरांसारखा."

मालोजीचा हात खणातच थांबला. मग त्याने खण लावला, जवळ आला आणि दोन बोटांनी सरांची हनुवटी किंचित वर केली. सव्वीस वर्षांची सवय होती ती. तो मागे सरकला, कॅमेरा पोटाशी धरून त्याने मान खाली घातली, आणि सरांना फक्त त्याचं टक्कल दिसू लागलं.

हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. दारात उभं राहून त्यांना नेहमी वाटायचं की अंबिका कॅमेऱ्याकडे बघतेय. पण स्टुलावरून कॅमेरा नजरेच्या कितीतरी खाली होता आणि फोटोग्राफर तर खाली मान घालून उभा होता. या स्टुलावर बसलेल्या माणसासमोर बघायला दुसरं काही नव्हतं. मालोजीच्या डोक्यावरून सरळ समोर दार होतं. तिन्ही वेळा सर तिची कापडी पिशवी काखेत धरून त्या दारात उभे होते आणि तिला हस जरा, हस जरा म्हणून सांगत होते. आणि ती हसली होती.

दारात आता ऊन होतं, रस्ता होता, पलीकडे रसवंतीचा फळा होता. हस जरा म्हणणारं कोणी नव्हतं. सरांनी तरी दाराकडे बघून थोडं हसून पाहिलं.

मालोजीने बटण दाबलं. भक्कन उजेड पडला. त्यानंतर दारात, माणसाच्या चेहऱ्याएवढ्या उंचीवर, एक पांढरा डाग तरंगत राहिला. सर त्याच्याकडे सरळ बघत होते. तो पुरता विरून जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही, आणि मालोजीनेही त्यांना उठा म्हणून सांगितलं नाही.